पडद्यावरची मरळ

डोमाजीच्या डोंग्यातल्या मासे शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ठळक ठिपका उमटला. एवढी मोठी मरळ तलावात कित्येक दिवसांत कुणी पाहिली नव्हती. तिच्याभोवती बारीक ठिपक्यांचा घोळका होता.

"अजी, पिल्लं आहेत तिच्यासंग," बायको फुलवंता म्हणाली. "ही वाचली तरच तलावात मासे राहतील. बंद करा ते!"

डोमाजीने घाईने बटण दाबलं. पण तलावावरची सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली होती. एकाला दिसलेला मासा त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचा. चहूकडून डोंग्यांच्या मोटारींचे आवाज येऊ लागले.

फुलवंता वल्हं पाण्यावर आपटू लागली. डोमाजीने दोन्ही हातांनी पाणी उडवलं. पिल्लं घाबरून पांगली. मरळ मात्र हलली नाही. तिने वर येऊन डोंग्यालाच धडक दिली.

"जा ना गं बाई," फुलवंता रडकुंडीला आली.

"सरका डोमाजीभाऊ, जाळं टाकतो!" सगळ्यांत आधी पोचलेल्या डोंग्यातला माणूस ओरडला.

डोमाजी सरकला नाही. त्या माणसाने वळसा घालून पलीकडून जाळं फेकलं.

जाळं बुडत गेलं, तशी पांगलेली पिल्लं एकेक करून मरळीजवळ परत येऊ लागली.