बिनदाढीचा गोल

आम्ही कॅनडातल्या सडबरीचा आइस हॉकी कप जिंकलो. पण तूर्त जिंकलोच नाही असं समजा, म्हणजे मला नीट सांगता येईल. आमच्याकडे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू झाली की हरेपर्यंत कुणी दाढी करत नाही. माझी मात्र उगवलीच नाही. वस्तऱ्याने माझ्या काळ्या कातडीवर पुळ्या उठायच्या, म्हणून गेल्या वर्षभरात मी लेझरने केसच काढून घेतले होते. नर्स ओडेसाने आधी जबड्याखाली नखाएवढ्या जागेवर चाचणी घेतली, माझ्या रंगाला चालणारा लेझर निवडला आणि आठ खेपांत एकही डाग न पाडता हनुवटी उकडलेल्या अंड्यासारखी करून दिली. फायनलला कॅप्टन मॅकिव्हरने विचारलं, "दाढी कुठाय रे तुझी?" "गेली." "कधी येणार?" "नाही येणार." "मग बाकावर बस, अपशकुनी थोबाडाच्या." मी बसलो. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना आमचा एक गडी लंगडत बाहेर आला. कॅप्टनने छताकडे बघत मला आत ढकललं. समोरचा दाढीवाला बचावपटू जोडीदारावर खेकसला, "अरे सोड त्याला, कुणाचं तरी शाळकरी पोर शिरलंय." त्यांनी सोडलं. मी गोल केला. कॅप्टनने भर बर्फावर माझ्या हनुवटीचा मुका घेतला. हरलेल्या संघाने दुसऱ्या दिवशी सकाळीच लीगकडे अर्ज दिला: सदर खेळाडूच्या हनुवटीवर प्रथेप्रमाणे दाढी उगवेपर्यंत सामन्याचा निकाल राखून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.