चांदाचे महिने

सकाळी सहाला नूरबानूने चूल पेटवली. तिच्या सुनेने, तस्नीमने, मागच्या विहिरीचे दोन हंडे आणले, तांदळाच्या पिठाची उकड काढली, ती परातीत मळली आणि भाकऱ्या थापायला बसली. पाच भाकऱ्या. जुलैपर्यंत आठ लागत. चुलीपाशी येण्यापूर्वी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात कालच्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारली होती. तिच्या मोजणीप्रमाणे, विधवेने घरात राहून पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीचा आजचा एकच दिवस उरला होता. नवरा झियान वारल्यापासून तिने घराचा पुढचा उंबरा ओलांडला नव्हता. विहीर आणि मागचे अंगण एवढेच तिचे बाहेर होते.

चुलीशेजारी ठेवलेल्या फोनवर बहिणीचा निरोप होता. फिलिपिन्समधल्या त्यांच्या गावाहून ती रोज एकच प्रश्न विचारी : संपली का? इद्दत संपल्याचे कळताच ती तस्नीमच्या परतीचे तिकीट काढणार होती. तस्नीम रोज उरलेल्या दिवसांचा आकडा पाठवी, त्यापुढे काही लिहीत नसे. झियानने मस्कतहून तिला या घरी आणले त्याला चार वर्षे झाली होती. तिच्या गावीही माड होते, भात होता, सुकवलेली मासळी होती. अजूनही पहाटे जाग आली की कोणता समुद्र ऐकू येतो आहे, हे तिला काही क्षण उमगत नसे.

मागच्या दाराशी तुळशी कोळणीने पाटी उतरवली.

“घरातच हाय व्हय गो? मी सोमवारपासून बंदरावर वाट बघतंय तुझी.”

“उद्या येतंय,” तस्नीम म्हणाली. “आजचा दिस हाय ना अजून.”

“आयकलंस का नूरबानू, तुझी सून माझ्या आजीसारखी बोलतंय,” तुळशी हसली. तस्नीमने मराठी फक्त सासूच्या तोंडून उचलली होती. “कसला दिस? सोमवारी सुटली ना तुझी इद्दत? सासूनंच सांगितलं होतं मला, सोमवारी मोठा सरंगा आण, पोर सुटतंय. आणला, तर म्हणाली, नको, आज काय न्हाय.”

नूरबानूने तव्यावरची भाकरी उलटली. तुळशीने एकदा दोघींकडे पाहिले, पाटी उचलली आणि ती निघून गेली.

“अम्मी?”

“तू तारखेनं मोजलंस,” नूरबानू चुलीकडेच बघत म्हणाली. “इद्दत चांदाच्या म्हयन्यांनी मोजतात. ते ल्हान असतात.”

“तुमाला ठाव होतं.”

“होतं.” भाकरी फुगली, तशी तिने ती टोपलीत टाकली. “तुझ्या चपला मी सोमवारीच माळ्यावरून काढल्या. तांदळाच्या पिंपामागं हायत.”

तस्नीम पिंपामागे वाकली. चपला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. त्या पुसून स्वच्छ केलेल्या होत्या. उजव्या चपलेचा तुटलेला अंगठा नव्या दोऱ्याने शिवलेला होता. दुरुस्त केलेली वस्तू नंतर लपवून ठेवण्यात काय हेतू असेल, हे तिला समजत होते आणि समजत नव्हतेही.

ती चपला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिने आपल्या मनात राग शोधला. सोमवारी तिने उडीद निवडले होते, मंगळवारी नूरबानूच्या गुडघ्यांना तेल लावले होते, काल दोघींनी मिळून माडाच्या झावळ्या विणल्या होत्या. या तीन दिवसांत तिला कोणी अडवलेले नव्हते आणि ती थांबली होती. त्या दिवसांत ती या घरातली कोण होती? विधवा, सून, की तिकिटाची वाट पाहणारी पाहुणी? प्रश्न तिने आधी मराठीत विचारला, मग आईच्या भाषेत.

फोन पुन्हा थरथरला. संपली का?

तिने बोटांचे पीठ पदराला पुसले आणि सावकाश लिहिले : माझी मोजण्यात चूक झाली. चंद्राचे महिने वेगळे असतात. तिकीट काढू नकोस.

आपण खोटे लिहिले की खरे, हे कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते. तिने निरोप पाठवला आणि फोन फळीवर पालथा ठेवला.

मग तिने खुंटीवरची पिशवी घेतली, पुढच्या दाराचा अडसर काढला आणि उंबऱ्याबाहेर चपला ठेवून त्यांत पाय घातले. उजवा अंगठा नव्या दोऱ्यामुळे थोडा घट्ट बसत होता.

“तुळशी लांब गेली असंल,” आतून नूरबानू म्हणाली.

“बंदरावर गाठतंय तिला.”

चपलांचा आवाज वाडीतून कुंपणाच्या फाटकापर्यंत गेला आणि पुढे रेतीत ऐकू येईनासा झाला. नूरबानूने भिंतीला हात देत उठून दार अर्धे लोटले. अडसर मात्र तिने कोपऱ्यात उभा करून ठेवला.