सत्तावीस स्क्रू

अठरावा स्क्रू निघाला तेव्हा काकांनी लढाई जिंकल्यासारखं काकूंकडे पाहिलं. काकूंनी टॉर्च जराही हलू न देता दुसरा हात पुढे केला, स्क्रू घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘साखर’ लिहिलेल्या रिकाम्या डबीत टाकला.

“अजून किती असतील गं?”

“नऊ,” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, “अंदाजे.”

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर लॅपटॉप पालथा पडला होता. काकांनी उभी हयात दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले काका म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. कुणी मागितलं नव्हतं, पण चांगल्या गोष्टी कुणी मागत नाही. तीनशे बारा पानं झाली होती आणि ती सगळी या लॅपटॉपच्या पोटात होती. दुसरी प्रत काढून ठेवणं हा भित्र्या माणसांचा उद्योग, असं काकांचं मत होतं.

छापखान्याला शनिवारी मजकूर द्यायचा होता. शनिवार चुकला की पुस्तक पंचाहत्तरीच्या दिवशी हाती पडणार नव्हतं. आणि सोमवारी सकाळी लॅपटॉपने सुरू होतानाच पासवर्ड मागितला. काकांनी तो जन्मात कधी ठेवला नव्हता. आज गुरुवार.

“हे तुझ्या भावाचं काम,” एकोणिसाव्या स्क्रूवर जोर देत काका म्हणाले. “रविवारी तो आला होता. मी अंघोळीला गेलो, तेवढ्यात त्याने डाव साधला.”

“अहो, त्याला माऊसचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नाही.”

“सोंग आहे ते. बावीस पानं लिहिलीत मी त्याच्यावर. वास लागला असणार.”

“बावीस!”

“हात आखडता घेतला, म्हणून बावीस.”

“आणि माझ्यावर?”

“आहेस की. पान सदुसष्ट.”

“दीड ओळ आहे.”

“मोजकं लिहिलं की ठसतं. ‘पत्नीही काही वर्षे कुठेशी नोकरीला जात असे.’ आता यात काय राहिलं, सांग बरं?”

काकूंनी टॉर्च किंचित डावीकडे वळवला. “तो कोपऱ्यातला बघा. आखूड असेल.”

आखूडच होता.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, “काका, आत रुपयाएवढी एक बॅटरी असते. ती काढून नवी घातली की पासवर्ड पुसला जातो. बहुतेक. पण तुमच्या मॉडेलमध्ये ती अगदी तळाशी आहे. कीबोर्ड, पंखा, मुख्य पाटी, सगळं उपसावं लागतं. त्यापेक्षा नवा घ्या.”

‘नवा घ्या’ हे दोन शब्द काकांना आयुष्यभर शिवीसारखे लागत आले होते. त्यांनी त्याच दिवशी नवी बॅटरी आणली आणि बाह्या सरसावल्या.

सत्ताविसावा स्क्रू निघाला. कीबोर्ड उचलला. त्याखालच्या पट्ट्या सोडवताना काकांचं बोट कापलं, कंबर धरली, चष्म्यावर घाम ठिबकला.

“जरा पडता का?” काकूंनी विचारलं.

“आता मी पडलो तर तुझा भाऊ जिंकला.”

“मग ती पांढरी पट्टी ओढू नका. आधी काळी खिट्टी उचला, पट्टी आपोआप सुटेल.”

“तेच करत होतो,” काका म्हणाले आणि ते करू लागले.

पंखा निघाला. त्याचे स्क्रू तर बोटानेच फिरले. काकांनी तुच्छतेने मान हलवली. “बघ, कसे ढिले ठेवलेत! हल्ली कारखान्यात कुणी नीट आवळत नाही.”

“हो ना,” काकू म्हणाल्या. “हल्ली कुणाला काळजी असते?”

दोन तास झाले. अखेर काकांनी श्वास रोखून मुख्य पाटी उचलली आणि उलटी केली. पार कडेला, दोन तारांची शेपटी घेऊन, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बॅटरी चिकटून बसली होती. काकांचं जाडजूड बोट तिथे शिरेना.

काकूंनी पदराआडून एक लांब, सुईसारख्या टोकांचा चिमटा काढून दिला.

“हा कुठला?”

“माझाच. जुना आहे.” त्यांनी टॉर्च साखरेच्या डबीला टेकवून बरोब्बर बॅटरीवर उजेड पडेल असा ठेवला. “मी चहा टाकते. तुमचं चालू द्या.”

काकांनी तारांचं टोक सोडवलं. मग चिमटा बॅटरीखाली सरकवला आणि नेटाने उचलला. तीस वर्षांत एकाही काट्याने त्यांना हरवलं नव्हतं. टक् असा आवाज आला आणि बॅटरी हातात आली.

“निघाली!” ते ओरडले. “कळव तुझ्या भावाला!”

स्वयंपाकघरातून नुसताच कपबशीचा आवाज आला.

बॅटरीच्या जागी चौघडी घातलेला एक कागद होता. कंपनीची काही सूचना असेल म्हणून काकांनी तो चिमट्याने उलगडला, चष्मा पुसला आणि टॉर्चखाली धरला. अक्षर साखरेच्या डबीवरचं होतं.

‘बॅटरी काढून पासवर्ड जात नाही, मी काढून पाहिली. रेडिओचा कारखाना, जोडणी विभाग, बावीस वर्षं. तेवढं लिहून दाखवलंत की पासवर्ड सांगते. कागदावर लिहिलं तरी चालेल. वर्षाला एक पान धरलं तर शनिवारपर्यंत होईल.’