बोटभर पट्टी

ग्राइंडरचा आवाज ऐकून गाड्यांचा पत्रा ठोकणारा म्हातारा डेंटर चहा सोडून शेडमध्ये आला. घरीच बांधलेल्या हौसेच्या गाडीवर जावयाने बॉनेट चढवलं होतं. त्यापुढच्या जाळीची चौकट म्हाताऱ्याने तीन महिने ठोकून घडवली होती. तिच्या कडेची पट्टी जमिनीवर पडली होती. "अडत होती मामा, उडवली," जावई खुशीत म्हणाला. "बघा कसं चपखल बसलंय." म्हाताऱ्याला त्या खुशीची शिसारी आली. त्याने पट्टी उचलली. "इंजिन कुठंय?" "कोपऱ्यात. नंतर टाकू की." "मग त्याच्याऐवजी तुम्ही पुढच्या टोकावर बसा." जावई हसत टोकावर जाऊन बसला. वजनाने चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकली, जाळी पुढे कलली आणि बॉनेटपाशी बोटभर फट पडली. म्हाताऱ्याने हातातली पट्टी तिच्यात धरली. तंतोतंत बसली. "आता काय करायचं?" जावयाने विचारलं. "काही नाही. बॉनेट चपखल बसलंय ना? इंजिन टाकूच नका. दोर बांधा आणि ओढा."