उताऱ्याचा कोंबडा

कोंबडा पुन्हा कुशीवर कलंडला. वच्छलाने त्याला उचलून पोत्याच्या घडीत बसवलं, दोन्ही अंगांना विटा लावल्या आणि कापसाचा ओला बोळा त्याच्या चोचीशी पिळला. एक पाय पुढे ताठ झालेला, दुसरा मागे. मान तेवढी जिवंत होती. पाणी चोचीच्या कडेने गळून गेलं.

मागच्या दारात तिची आई, सुभद्रा, सूप घेऊन बसली होती. सुपातली तूर तशीच पडून होती.

"काहून पाजून राहिली वं त्याले?" आई म्हणाली.

वच्छलाने बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. शहरात, बर्डीच्या शाळेत ती मुलींना विज्ञान शिकवत असे. वडिलांचं डावं अंग गेलं तेव्हापासून रजा टाकून गावी, बेशाच्या घरी होती. सकाळीच गुरांच्या दवाखान्यातून कोंबड्यासाठी पूड आणली होती, ती ज्वारीच्या पिठात कालवून तिने गोळी वळली. जवसाचं तेल कोमट करून वाटीत ठेवलं होतं.

"पाजू नको म्हणतो मी," आई पुन्हा म्हणाली.

"का, पण?"

सूप बाजूला सारून आईने हळू आवाजात सगळं सांगितलं. अमावास्येच्या सकाळी वडील झोपेत असताना तिने हा कोंबडा त्यांच्या डोक्यापासून पायांपर्यंत उतरवला आणि गावाच्या शिवेबाहेर बोरीखाली सोडून आली. उतारा टाकला की मागे वळून पाहायचं नसतं; तिने पाहिलं नव्हतं. पण कोंबडा घरचाच. संध्याकाळी लंगडत परसात आला आणि दाराशी पडला, तो पडलाच. त्याच संध्याकाळी वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला.

"त्यानं घेतलं सारं अंगावर," आई म्हणाली. "आता तू त्याले बरं करशीन, तं ते जाईन कुठी? सांग ना. शिकलेली आहेस तू."

वच्छलाने सांगितलं. शेजारच्या चंद्रभानच्या कोंबड्या गेल्याच आठवड्यात अशा लोळून मेल्या होत्या. हाही अमावास्येच्या आधीपासून पंख पाडून बसायचा. वडिलांचा आजार मेंदूतल्या रक्ताच्या गाठीचा. बोटं हळूहळू हलू लागतील असं डॉक्टर म्हणालेच होते. तिचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. आईने सगळं ऐकून घेतलं, "हो ना बाप्पा" म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

उताऱ्याचं वडिलांना, देवाजींना, ठाऊक नव्हतं. त्यांची खाट परसाच्या खिडकीला लागून होती. हा कोंबडा पिल्लू असताना त्याची आई मांजराने नेली, तेव्हा त्यांनीच त्याला खाटेखाली टोपल्यात वाढवलं होतं. आता त्यांचे शब्द तोंडातच विरघळायचे. ते वच्छलालाच तेवढे कळत. डोळे उघडले की पहिली चौकशी कोंबड्याची. आदल्या दिवशी तर अर्ध्या ओठाने हसून म्हणाले होते, "तो उठला का मीबी उठतो. पाहू, कोण आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्याने पाणी गिळलं. मागोमाग गोळीही. मागे पडलेला पाय वच्छलाने तेल लावून चोळला तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटाभोवती मिटली. ती तशीच सांगायला आत धावली.

आत आई वडिलांना पेज भरवत होती. पेज ओठाच्या कडेने गळून उशीवर उतरत होती. आईने वर पाहिलं नाही.

वच्छला खाटेच्या पायथ्याशी बसली. बाबा, अंगठा हलवा, म्हणाली. देवाजी आपल्या पायाकडे दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसे पाहत राहिले. अंगठा हलला नाही. तिने तो हातात धरला. गार होता.

"एखाद्या दिवशी ताकद कमी वाटते," ती म्हणाली. कुणीच विचारलं नव्हतं.

ती परसात परत आली. तेलाची वाटी तिथेच होती. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे ती दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवत असे. आता तेच वाक्य तिने पुटपुटून पाहिलं. मग पीठ कालवायला घेतलं, पण गोळी वळली नाही. पिठाचा हात तसाच धरून ती बराच वेळ उभी राहिली. दुपारी कोंबड्याने चोच उघडली, तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. तिने पाहिलं आणि पाठ फिरवली. थोड्या वेळाने न राहवून पाणी पाजलंच.

दिवेलागणीला पोत्याशी काहीतरी खुडबुडलं. एक वीट आडवी झाली. कोंबड्याने पुढचा पाय पोटाखाली ओढून घेतला होता. पंख जमिनीला टेकवून तो जोर लावत होता. छाती उचलली गेली, मग बूड. लटपटत का होईना, तो उठत होता.

वच्छला धावली आणि त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली. मागच्या दारात आई कंदील घेऊन उभी होती.

खिडकीतून देवाजींचा आवाज आला. काल होता त्याहून बारीक.

"वच्छे... उठला का वं?"

वच्छलाने कोंबड्याच्या पाठीवर हात ठेवला. आधी आधार द्यावा तसा.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "अजून नाही."

तळव्याखाली त्याच्या पायांचा जोर तिला कळत होता. तिने दुसराही हात ठेवला आणि भार दिला.