मैनेचा पाय

माथेरानच्या चढावर आता एकही घोडा लंगडत नव्हता. वर्षभर टिकणारं भुलीचं इंजेक्शन खुराच्या वर दिलं, की पाय चालायचा पण दुखायचा नाही. नाक्यावरच्या यंत्राने चाल सरळ दाखवली, की फेरी नाकारायची सोय नव्हती.

ठकूबाई आखाडेची घोडी मैना. खूर साफ करताना नुसता हात लागला, की ती आपणहून पाय उचलायची. इंजेक्शननंतर ती तसं करेना, म्हणून ठकूबाई रोज तिच्या चारी पायांवरून हात फिरवून बघायची. त्या सकाळी पुढचा उजवा पाय तिला तव्यासारखा तापलेला लागला. गिऱ्हाईक उभं असतानाच तिने खोगीर उतरवलं.

"मावशी, यंत्र हिरवं दाखवतंय," मुकादम पार्टे म्हणाला. "पाय तुझे दुखत असतील, घोडीचे नाही."

"तिला कळतच नाही, म्हणून लंगडत नाही. हाड मोडलं तरी चढून जाईल बिचारी. हात लावून बघ."

"फेरी चुकवलीस तर परवाना जाईल."

"जाऊ दे. भूल तिला दिलीय, मला नाही."

खोगीर खांद्यावर टाकून तिने मैनेला सावलीत नेलं आणि तिच्या पायावर गार पाणी ओतायला बसली.

पार्टे रांगेकडे वळला. "चला, पुढचा कोण?"

पुढचा यासीन होता. तो खाली वाकून आपल्या घोड्याच्या पायावरून हात फिरवत होता. बराच वेळ त्याने हात एकाच जागी ठेवला. मग उठून त्याने खोगिराचा पट्टा सोडला. तोवर त्याच्या मागचाही वाकला होता.