बरोबरीचा प्रस्ताव

नात जिल्ह्याच्या विजेत्यासमोर खेळायला बसली, ती "आज हरले तर बुद्धिबळ सोडलं" असं मला बजावूनच.

तासाभरानं तो तिच्याशी काहीतरी पुटपुटला. तिचे मास्तर माझ्या कानाशी लागले, "आजी, त्यानं बरोबरीचा प्रस्ताव दिलाय."

बरोबरीचं म्हणजे स्थळच की! मी ताडकन उठले. "पोर शिकतेय अजून. इतक्यात द्यायची नाही!"

अख्खा हॉल खदखदून हसला. पंचांनी मला बाहेर काढलं. दारातून बघते तर नातीनं हसतच नकार दिला आणि खेळत राहिली. तो पोरगा मात्र कानापर्यंत लाल झाला, त्या गोंधळात वजीर घालवून बसला आणि हरला.

बाहेर त्याची आई माझ्यावर उखडली, "आमच्या मुलात काय कमी आहे हो?"

"हरायची सवय," मी म्हटलं. "आमच्या घरच्या बाईशी संसार करायचा तर ती आधी लागते."